बुधवारसाठी पेरलेली मेथी

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक पट्टी, म्हणजे घाऊक बाजारात माल विकल्याची पावती, चिकटवलेली आहे, जानेवारी 2022 ची. सहाशे जुड्या मेथी, शेकडा 300 भावाने 1,800 रुपये. त्यातून गाडीभाडं 700 आणि हमाली-तोलाई 140 वजा जाऊन हातात आले 960. मेथी उपटायला आणि जुड्या बांधायला चार बायका होत्या, 300 प्रमाणे त्यांचे 1,200 झाले. म्हणजे बियाणं, खत, पाणी आणि घरचे हात मोजलेच नाहीत तरी 240 रुपये पदरचे गेले. त्याच आठवड्यात पुण्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीने एक जुडी 15 रुपयांना घेतली होती. आमची तीनला गेली होती.

मधल्या बारा रुपयांत कुणी आम्हाला लुबाडलं असं मी म्हणत नाही. वाहतूक, नासाडी, दुकानाचं भाडं, सगळं त्यात येतं. पण त्यातले काही रुपये आपण स्वतः कष्ट करून घरी आणू शकतो का, हा प्रश्न डोक्यातून जाईना. आज नऊ महिने दर बुधवारी पुण्यात शेतकरी आठवडी बाजारात स्टॉल लावल्यावर त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते वहीत आकड्यांनी लिहिलेलं आहे. सुरुवात करताना मला कुणी हे सगळं ओळीने सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री नीट झोप लागली असती, म्हणून लिहिते आहे.

आम्ही पुरंदर तालुक्यातले. अडीच एकर जमीन, त्यातली विहिरीच्या पाण्यावर बारमाही निघते ती फक्त 18 गुंठे. ह्यांची सासवडला नोकरी. शेती मी आणि सासूबाई बघतो. त्यांना मी आत्या म्हणते, इथेही तेच लिहीन.

पहिला बाजार मी काहीही न विकता केला. 16 नोव्हेंबर 2022 च्या बुधवारी सकाळी आठला जाऊन एका बाजूला उभी राहिले, हातात वही. असे ओळीने चार बुधवार गेले. कुठल्या टेबलावर काय आलं, साडेदहापर्यंत काय संपलं, साडेबाराला काय पडून राहिलं, हे लिहीत गेले. टोमॅटो, कांदे, कोबी सगळ्यांकडेच होते आणि सगळ्यांचेच उरत होते. शेपू, चुका, अंबाडी विचारणारे लोक मात्र रिकाम्या हाताने पुढे जात होते. चार बुधवारांत चुका मागणारी 23 माणसं मी मोजली. गिऱ्हाईक दोन वेळा येतं हेही तिथेच कळलं. आठ-साडेआठला फिरायला निघालेले आजी-आजोबा, आणि दहानंतर घरचं उरकून आलेल्या बायका. पहिल्यांना थोडं आणि ताजं हवं असतं, दुसऱ्यांना आठवड्याभराचं.

शेजारच्या तालुक्यातून येणाऱ्या एका काकूंनी मला तिसऱ्या बुधवारी बोलावून चहा दिला. त्या म्हणाल्या, "पोरी, भाजी कमी असली तरी चालंल. पण बुधवारी तू दिसली पाहिजेस. एक बुधवार चुकलीस की गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जातं, आणि तिथंच रुळतं." माझं सगळं नियोजन पुढे या एका वाक्यावर उभं राहिलं. तोपर्यंत मी शेतात काय येतं यावरून विचार करत होते. आता दर बुधवारी टेबलावर काय असायला हवं तिथून उलटं मोजायला लागले.

त्याआधी कागद. 2016 साली राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे आपला माल बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकायला तिचा परवाना लागत नाही. त्याच वर्षी पणन मंडळाचं संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडी बाजार अभियान सुरू झालं. पण बाजारात जागा घ्यायची तर तुम्ही व्यापारी नसून शेतकरी आहात हे दाखवावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. आमच्या बाजाराच्या आयोजकांनी मागितलं ते असं: सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), आधार, बँकेचं पासबुक, दोन फोटो, आणि सातबाऱ्यावर भाजीपाल्याची पीकनोंद.

सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा निघतो, आठ-अही तेवढ्यातच. मी दोन्ही काढले आणि घरी येऊन बघितलं तर खातेदार म्हणून मामांचंच नाव. माझे सासरे 2021 मध्ये गेले. वारस नोंद करायची राहून गेली होती. कुणी मुद्दाम टाळली नव्हती, पण तो विषय घरात कुणीच काढत नव्हतं.

12 डिसेंबरला अर्ज केला. मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र, सगळ्यांची आधारकार्डं. आठवड्याने अर्ज परत आला, कारण दाखल्यावर मामांचं नाव एका तऱ्हेने होतं आणि सातबाऱ्यावर दुसऱ्या. एका वेलांटीचा फरक. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र करून पुन्हा दिलं. मग नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, मंजूर करतात. 24 जानेवारीला नोंद मंजूर झाली. नवीन उताऱ्यावर आत्या, हे, आणि माझ्या दोन्ही नणंदांची नावं आली. तो कागद मी आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, मामांचं नाव कुठे आहे विचारलं, आणि मी गप्प राहिले तेव्हा त्या उठून आत गेल्या. जुना उतारा त्यांनी ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवला आहे. तुमच्याकडे वारस नोंद राहिली असेल तर बाजाराचा विचार मनात आला त्याच दिवशी अर्ज करा. आणि घरातल्यांना आधी सांगा, कागद हातात देऊन मग सांगू नका. ही चूक मी केली.

या सगळ्यात माझं नाव कुठेच नव्हतं. शेत मी करते, स्टॉलवर मी उभी राहणार, पण सातबाऱ्यावर मी नाही. आयोजकांनी मार्ग सांगितला: खातेदाराचं संमतीपत्र आणि रेशनकार्डावर एकत्र नाव. ओळखपत्रावर ह्यांचं नाव आलं आणि खाली 'कुटुंबातील सदस्य' म्हणून माझं. तेव्हा मी ते मुकाट्याने गळ्यात घातलं. त्याबद्दल शेवटी पुन्हा लिहिते.

पीकनोंदीचं काम सोपं आहे, पण ते वेळेत व्हायला हवं. आमच्या उताऱ्यावर ज्वारीच लागली होती. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये त्या गट नंबरच्या शेतात स्वतः उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. घरी बसून होत नाही आणि हंगामाची मुदत गेली की त्या हंगामाची नोंद राहते ती राहतेच. मी फेब्रुवारीत केली.

बाजाराला अर्ज 30 जानेवारीला दिला, जागा असल्याचा फोन 3 मार्चला आला. मधल्या दिवसांत पैशांची जुळवाजुळव केली. बचत गटातून 25,000 घेतले, महिना शेकडा एक रुपया व्याजाने. वहीत खर्च असा आहे: ठिबकच्या नव्या नळ्या 6,800, मुद्रांकनासह वजनकाटा 5,400, टेबल आणि मोठी छत्री 4,300, बियाणं 3,150, सोळा जुने क्रेट 2,240, कागदपत्रांचा खर्च आणि हेलपाटे 900, नावाची पाटी 650. एकूण 23,440. उरलेल्या 1,560 रुपयांची मी दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर करून ठेवली. पहिल्या दिवशी सगळ्यात उपयोगी पडली ती हीच चिल्लर. सकाळी आठ वाजता प्रत्येकाकडे पाचशेची नोट असते.

वजनकाट्याबद्दल एक सांगते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दरवर्षी करून घ्यावं लागतं. स्वस्त मिळतो म्हणून शिक्का नसलेला काटा घेऊ नका. पडताळणीचा दाखला मी लॅमिनेट करून टेबलाला लटकवला आहे. कायद्याचं काम तर त्याने होतंच, पण नवीन गिऱ्हाईक आधी त्या कागदाकडे बघतं, मग भाजीकडे, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आता शेतातलं. 18 गुंठ्यांचे मी कागदावर तुकडे पाडले. पालेभाजीला सहा गुंठे, त्यात छोटे वाफे. मेथी 28 दिवस, कोथिंबीर 40 ते 45, पालक 30, शेपू 40. ज्या बुधवारी जी भाजी हवी तिथून तेवढे दिवस मागे जाऊन पेरणीची तारीख लिहिली. एका बाजूला दोडका आणि कारल्याचा मांडव, खाली भेंडी, गवार, मिरची, वांगी, आणि बांधाच्या कडेने चुका आणि अंबाडी. आत्यांना हे पटत नव्हतं. "एवढ्याएवढ्याशा वाफ्यात काय पिकवायचं," असं त्या म्हणायच्या. त्यांनी आयुष्यभर एका वेळी अर्धा एकर मेथी पेरली होती. पण धणे रगडून फोडायचं काम त्यांनीच हातात घेतलं. धणा अख्खा पेरला तर उगवण मागेपुढे होते. तो लाकडाच्या ठोकळ्याने असा रगडायचा की दोन भाग व्हावेत, पीठ होऊ नये. त्यांच्या हाताखाली तो बरोबर दोन होतो. माझ्या हाताखाली अजूनही होत नाही.

सुरुवात गुढीपाडव्याला करायची ठरली होती. 22 मार्च, योगायोगाने बुधवारच. त्यासाठी 22 फेब्रुवारीला मेथी पेरली. मार्चच्या मध्यात राज्यभर अवकाळी आणि गारपीट झाली तेव्हा आमच्याकडेही एका संध्याकाळी अर्धा तास गारा पडल्या. सकाळी मेथीचं पान न् पान फाटलेलं होतं. आयोजकांना फोन केला आणि दोन बुधवार पुढे ढकलून मागितले. ते लगेच हो म्हणाले. लाज वाटत होती, पण आधी कळवल्यामुळे जागा टिकली. न कळवता गैरहजर राहिलेल्यांची जागा पुढच्याला मिळते.

5 एप्रिल 2023, पहिला बाजार. आदल्या दिवशी पाचनंतर ऊन उतरल्यावर काढणी सुरू केली. दोन बायका मजुरीने, शिवाय मी आणि आत्या. जुड्या बांधायला केळीच्या सोपटाच्या पट्ट्या पाण्यात भिजवून ठेवल्या होत्या. रबर लावलं की देठ कापला जातो आणि सकाळपर्यंत तिथून काळा पडतो. ओलं सोपट मेथीला चिकटून बसतं. अंगणात दिव्याखाली बसून 120 जुड्या बांधल्या, मुळं सगळी एका रेषेत, माती झटकलेली पण धुतलेली नाही. मेथी रात्री धुऊन ठेवली तर सकाळी कुबट वास येतो. क्रेटच्या तळाला ओलं गोणपाट, त्यावर जुड्या उभ्या, वर पुन्हा गोणपाट. आत्यांनी शेवटची जुडी बांधून हात नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "मामांना हा वास लई आवडायचा." रात्रीचे अकरा वाजले होते. सकाळी साडेपाचला पिकअप येणार होता, दोन शेजाऱ्यांबरोबर भागीत. 1,500 भाडं, माझ्या वाट्याला 500.

त्या दिवशी विक्री झाली 3,310 रुपयांची. खर्च: गाडी 500, जागा 200, चहा-नाश्ता 120, काढणीची मजुरी 600. म्हणजे 1,420 दर फेरीला ठरलेले, विक्री होवो न होवो. हाती राहिले 1,890. पण 120 पैकी 41 जुड्या उरल्या, सहा किलो दोडका उरला. दुपारी एक वाजता कोमेजलेली मेथी समोर घेऊन बसले होते, तेव्हा पट्टी घेऊन येणं किती सोपं होतं असं वाटून गेलं. तिथे निदान उरलेलं डोळ्यांना दिसत नाही.

घरी येऊन वहीत चार रकाने पाडले: नेलं, विकलं, उरलं, फेकलं. माझा सगळ्यांना सल्ला आहे, हे चार रकाने पहिल्या दिवसापासून लिहा. विक्रीचा आकडा सगळेच लक्षात ठेवतात. धंदा 'उरलं'च्या रकान्यात कळतो. सहाव्या बुधवारी माझ्या लक्षात आलं की मेथी 80 च्या वर कधीच जात नाही, चुका मात्र वीसच्या वीस जुड्या नऊ वाजायच्या आत संपतात. मेथीचा वाफा निम्मा केला आणि चुका तिप्पट.

एप्रिल-मेमध्ये 28 दिवसांचा हिशोब मोडला. उन्हाने उगवण विरळ झाली, मेथी वीतभर होण्याआधी फुलावर यायला लागली. शेडनेटला पैसे नव्हते, म्हणून वाफ्यांच्या पश्चिमेला मक्याच्या दोन ओळी लावल्या. त्याची सावली मिळेपर्यंत जून उजाडला. मका मार्चमध्येच लावायला हवा होता. त्या दिवसांत टेबलावर पालेभाजी कमी आणि भेंडी, गवार, दोडका जास्त अशी तडजोड केली.

भेंडीवरून एक गोष्ट. गिऱ्हाईक भेंडीचं टोक मोडून बघतं, कट्कन मोडली तर कोवळी. एकेक जण पाच-सहा मोडून ठेवतो आणि त्या मग कुणी घेत नाही. काही स्टॉलवाले ओरडतात. मी एका ताटलीत चार भेंड्या आधीच मोडून ठेवायला लागले. लोक त्याच बघतात, पाहिजे तर कच्ची खाऊन बघतात, आणि ढिगाला हात लावत नाहीत. दिवसाला अर्धा किलो भेंडी वाचली.

'सेंद्रिय आहे का' हा प्रश्न रोज येतो. आमच्याकडे प्रमाणपत्र नाही, म्हणून तो शब्द पाटीवर नाही आणि तोंडीही मी वापरत नाही. पाटीशेजारी एक पाटी-पेन्सिलची पाटी ठेवली आहे. त्यावर कुठल्या पिकावर काय फवारलं आणि शेवटचं कधी, हे तारखेसकट लिहिते. बहुतेक वेळा निंबोळी अर्क असतो. टोमॅटोवर करप्यासाठी बुरशीनाशक मारलं तेव्हा तेही लिहिलं, आणि डब्यावर दिलेले दिवस पुरे होईपर्यंत तोडणी केली नाही. त्या बुधवारी काही जण टोमॅटो न घेता गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या दोघी परत आल्या आणि आधी पाटी वाचून मग पिशवी पुढे केली.

उरलेल्या मिरचीचं काय करायचं, याचं उत्तर आत्यांकडे होतं: सांडगी मिरची. पण ती प्रक्रिया केलेली वस्तू झाली. शेतकऱ्याला स्वतःची ताजी भाजी विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागत नाही, सांडगी मिरचीला लागते. 2023 मध्ये मी केली तेव्हा वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी होत होती, वर्षाला 100 रुपये शुल्क होतं. मी या नोंदणीच्या फॉसकॉस नावाच्या संकेतस्थळावर 8 मे रोजी तीन वर्षांचे 300 भरून अर्ज केला. शंका निघाली, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून जोडलेलं वीजबिल मामांच्या नावावर. ग्रामपंचायतीचा दाखला जोडून उत्तर दिलं, 25 मे रोजी प्रमाणपत्र आलं. या वेळी ते बिल कुणाच्या नावावर आहे हे आत्यांना मी आधीच जवळ बसून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बिलावर राहू दे की अजून थोडे दिवस." राहू दिलं आहे. पाकिटावर चौदा आकडी नोंदणी क्रमांक, वजन, किंमत, बनवल्याचा महिना आणि आमचा पत्ता छापावा लागतो. हे काम अर्ज भरायला बसण्याआधी करून ठेवलं तर बरं, मला लेबलांसाठी आणखी पंधरा दिवस थांबावं लागलं.

14 जूनला बुधवार होता आणि त्याच दिवशी ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला यायची होती. दिवे घाट वाहनांना बंद. आम्ही पहाटे चारला निघून बोपदेव घाटाने गेलो. बाजारात गर्दी निम्मीच होती, दहा किलो काकडी उरली. परत येईपर्यंत संध्याकाळ झाली, सासवडमध्ये दिंड्या पोचत होत्या. घाट चढून आलेली माणसं रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसलेली. आम्ही गाडी थांबवली आणि काकड्या चिरून, मीठ लावून वाटल्या. एका आजींनी काकडी कपाळाला लावून मग खाल्ली. त्या रात्री वहीत पाचवा रकाना काढला: दिलं.

जुलैत टोमॅटोने परीक्षा बघितली. त्या महिन्यात देशभर किलोचा भाव शंभराच्या वर गेला होता, तुम्हालाही आठवत असेल. आमचे मेच्या पहिल्या आठवड्यात लावलेले दोन गुंठे नेमके तेव्हा तोडणीला आले. एक व्यापारी बांधावर येऊन सगळे क्रेट रोखीने न्यायला तयार होता. एका फेरीत मिळाले नसते एवढे पैसे. रात्री खूप विचार केला. बाजारातल्या आमच्या शेतकऱ्यांच्या गटाने सकाळी मिळून 100 रुपये भाव ठरवला होता आणि एका घराला एक किलो. मी माल बाजारात नेला. त्या दोन आठवड्यांत मला कमी मिळाले, हे वहीत आहे. पण एप्रिलपासून दर बुधवारी येणाऱ्या बायका समोर उभ्या होत्या आणि टेबलावर टोमॅटो नाही हे त्यांना सांगायला माझं मन होईना. माझ्या जागी कुणी व्यापाऱ्याला दिले असते तर मी त्याला चूक म्हणणार नाही. घरात फी भरायची असती तर कदाचित मीही दिले असते.

सगळ्यात जास्त जपून आखलेला बाजार 20 सप्टेंबरचा, ऋषिपंचमीचा. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही अशी त्या दिवसाची रीत. ऋषीच्या भाजीला पुण्यात बायका वणवण फिरतात हे बहिणीकडून ऐकलं होतं. जूनमध्येच विहिरीजवळचा दीड गुंठा कुदळीने खणून वेगळा ठेवला. ट्रॅक्टरही लावला नाही. त्यात लाल माठ, अंबाडी, भोपळा, पडवळ, कडेला मक्याची कणसं, आणि पाटाच्या तोंडाला अळू आधीपासून होतंच. सुरण शेजाऱ्यांकडून घेतला, आणि तो त्यांच्याकडचा आहे हे सांगून विकला. प्रत्येक भाजी थोडी-थोडी घालून 60 वाटे केले, वाट्याला 60 रुपये. साडेनऊला एकही उरला नाही. एका मुलीने विचारलं, हे खरंच हाताने खणलेलं आहे का. मी तिला आत्यांचे तळहात दाखवले, त्या दिवशी त्या हट्टाने बरोबर आल्या होत्या.

ऑगस्ट जवळपास कोरडा गेला होता, त्याची किंमत दिवाळीच्या तोंडावर कळली. 31 ऑक्टोबरला सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर होतं. विहीर दोन तास चालायची ती पाऊण तासावर आली. 18 गुंठ्यांचे 10 केले. मांडव उतरवला, वांगी काढून टाकली, पालेभाजी आणि मिरची ठेवली. टेबल अर्धं रिकामं दिसायला लागलं तेव्हा काकूंचं पहिलं वाक्य आठवून तरी जात राहिले. एका बुधवारी फक्त 1,650 ची विक्री झाली, म्हणजे खर्च जाऊन 230.

एप्रिल ते डिसेंबर 39 बुधवार आले. मी 34 केले. दोनदा पाऊस, एकदा धाकट्याचा ताप, दोनदा मालच नव्हता. एकूण विक्री 1,41,100. फेऱ्यांचा खर्च 48,280, बियाणं-खत-फवारणी-वीज मिळून 27,000. उरले 65,820. त्यातून सुरुवातीचे 23,440 वजा केले तर 42,380. यात माझी आणि आत्यांची मजुरी धरलेली नाही. ती धरली तर आकडा फार लहान होतो, आणि हे तुम्ही आधीच जाणून असावं असं मला मनापासून वाटतं. बचत गटाचे 18,000 फेडले, 7,000 राहिले आहेत. बाजाराचे सगळे पैसे मी वेगळ्या बचत खात्यात ठेवते, क्यूआर कोडही त्याच खात्याचा. घरखर्चात मिसळले असते तर वरचा एकही आकडा सांगता आला नसता.

ओळखपत्राबद्दल शेवटी लिहिते म्हटलं होतं. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं, हे मला बाजारातल्याच एका ताईंकडून डिसेंबरात कळलं. या वेळी घरात सगळ्यांना बसवून आधी विचारलं. दोन्ही नणंदा फोनवर होत्या. आत्या म्हणाल्या, "लाव की. हातानं खणती ती." 5 जानेवारीला ह्यांनी त्यांच्या हिश्श्यासाठी अर्ज दिला. पोच वहीत पट्टीच्या मागच्या पानावर लावली आहे, निर्णय यायचा आहे.

काल, 11 जानेवारीला, मेथीचा वाफा टाकला. थंडीत ती 34-35 दिवस घेते. विहिरीने साथ दिली तर 14 फेब्रुवारीच्या बुधवारी ती टेबलावर असेल, साठ जुड्या.